पहिली माउंटन बाइक टीम रिले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा रिलेला उतरणाऱ्या टीमकडून तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. वर सोपे, खाली किचकट. प्रत्येक शर्यतीचं नियमपत्रक वेगळं असतं. इथलं आणि त्यातलं जुळलं नाही, तर नियमपत्रक खरं धरा.

१. टीम रिले म्हणजे नक्की काय? एकट्याच्या शर्यतीपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

टीममधले रायडर एकाच ट्रेलवर आळीपाळीने फेऱ्या मारतात. एका वेळी टीमचा एकच जण ट्रेलवर असतो. तो परत आला की पुढचा निघतो. यात दोन प्रकार आहेत. पहिल्यात फेऱ्या ठरलेल्या असतात आणि सगळ्यात आधी संपवणारी टीम जिंकते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली टीम रिले अशी असते. १९९९ साली स्वीडनमधल्या ओरे इथे ती पहिल्यांदा झाली. तिची गंमत अशी, की स्त्री-पुरुष, नवखे आणि मुरलेले असे वेगवेगळ्या गटांतले रायडर एकाच टीममध्ये असतात. दुसऱ्या प्रकारात वेळ ठरलेली असते: सहा, बारा किंवा चोवीस तासांत होतील तेवढ्या फेऱ्या. १९९२ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये लेअर्ड नाइट यांनी चोवीस तासांची सांघिक शर्यत भरवली आणि तिथून हा प्रकार पसरत गेला. हौशी टीमच्या वाट्याला बहुधा हा दुसराच प्रकार येतो, त्यामुळे पुढची उत्तरं त्याला धरून आहेत.

फरक विचाराल तर एकच. एकटे असताना तुम्ही सुरू होता आणि संपता. रिलेत पाऊण तास जीव तोडून चालवायचं, दोन तास बसायचं, पाय आखडायचे आणि मग पुन्हा पाऊण तास जीव तोडायचा. जमवायचं ते हे पुन्हा उठणं.

२. मी नवशिका आहे. माझ्यामुळे टीम मागे पडेल का?

पडेल, थोडीशी. समजा, तुमची फेरी टीममधल्या सगळ्यात जलद रायडरपेक्षा पाच मिनिटं जास्त घेते. चार फेऱ्यांत वीस मिनिटं गेली. एका दांडग्या टीमने तेवढाच वेळ एक पंक्चर आणि दोन चुकलेल्या बदल्यांत (एक रायडर आत येऊन पुढचा निघतो, ती बदली) घालवलेला मी पाहिला आहे. त्यांच्यात एकही नवशिका नव्हता.

तयारीची किमान पायरी एवढी: फेरीच्या दुप्पट अंतर खडबडीत वाटेवर न थांबता चालवता यावं, उतारावर ब्रेक करकचून न दाबता एका-एका बोटाने वेग धरता यावा आणि पंक्चर स्वतः काढता यावं. जो उतार झेपणार नाही तिथे खाली उतरून सायकल ढकलत न्या. नियमात ते बसतं आणि हाडंही शाबूत राहतात. फक्त मागच्यांची वाट अडवू नका (प्रश्न १४).

३. टीममध्ये किती जण घ्यायचे आणि कोणते?

चार जणांची टीम सगळ्यात जास्त आढळते. दोघांचे आणि त्याहून मोठ्या टीमचे गटही असतात. मिश्र गटात किमान किती स्त्रिया हव्यात हे ठरलेलं असतं आणि काही ठिकाणी सगळ्यांच्या वयाची बेरीज करून गट पाडतात. नाव नोंदवताना हे नीट वाचा, कारण गट चुकला तर निकाल लागल्यावर वाद घालून उपयोग नसतो.

माणसं निवडताना लोक वेग बघतात. मी आधी बघतो, हा माणूस पहाटे तीनला हाक मारली की न कुरकुरता उठेल का. आणि चार रायडरांइतकाच मोलाचा आहे तो पाचवा, सायकल न चालवणारा. वेळ लिहिणारा, पाणी भरणारा, झोपलेल्याला हलवणारा. असा एक जण मिळाला तर त्याला सोडू नका.

४. तयारीला किती आठवडे लागतात? सराव वेगळा करावा लागतो का?

आठवड्यातून दोन-तीनदा चालवत असाल तर आठ ते दहा आठवडे पुरतात. लांब पल्ल्याची एक राइड आणि चढावरचे छोटे, जोरकस तुकडे हे नेहमीचंच. रिलेसाठी खास असा एकच सराव आहे आणि नेमका तोच लोक करत नाहीत. फेरीएवढा वेळ शर्यतीच्या जोराने चालवा. मग उतरा, कपडे बदला, खा, दोन तास खुर्चीत बसा आणि पुन्हा तेवढंच चालवा. दुसऱ्या वेळी पहिली दहा मिनिटं पाय लाकडाचे वाटतात. हे लाकूड ओळखीचं झालेलं बरं. नाहीतर शर्यतीच्या दिवशी दुसऱ्या फेरीला वाटतं, आपण संपलो.

त्याला जोडून सायकल हातात धरून पन्नास मीटर पळण्याचा आणि पळता पळता चढण्याचा सराव ठेवा. मोकळ्या मैदानात चुकीचा पाय टाकून दोनदा पडाल, तिसऱ्यांदा जमेल. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणा, पण जोराचे दोन-चार तुकडे राहू द्या. पूर्ण विश्रांती घेतली की पाय जड होतात. ट्रेल आधी बघायला मिळत असेल तर एक फेरी सावकाश मारा आणि नको असलेले दगड लक्षात ठेवा.

५. पहिल्या फेरीला कोणी जायचं? क्रम कसा लावायचा?

गर्दीत ज्याचं डोकं थंड राहतं तो पहिला. सगळेच एकदम सुटतात आणि थोड्याच अंतरावर वाट एका सायकलीपुरती अरुंद होते. तिथे मागे अडकलेला रायडर चढावर पायी रांगेत चालतो. काही शर्यतींत रायडर आधी पळत जातात आणि दूर ठेवलेली सायकल उचलून निघतात. मग धावता येणारा पहिला.

उरलेला क्रम अंधाराकडे बघून लावा. ज्याला रात्री चालवायची सवय आहे, त्याची पाळी अंधारात येऊ द्या. एकदा लागलेला क्रम मात्र शक्यतो मोडू नका. मध्येच अदलाबदल केली की कोण कधी निघायचं हे कोणालाच धड माहीत नसतं.

६. प्रत्येकाने एक-एक फेरी मारून बदलायचं की सलग दोन-दोन?

आकडे मांडून बघा. चार जण आणि फेरी ४५ मिनिटांची. एक-एक केली तर तुम्हाला २ तास १५ मिनिटं मिळतात. त्यातली वीस मिनिटं कपडे आणि सायकल आवरण्यात जातात, अर्धा तास पुढच्या तयारीत. खरी विश्रांती दीड तासाच्या आतच. सलग दोन केल्या तर चालवायचं दीड तास, पण मध्ये साडेचार तास मिळतात, म्हणजे झोप शक्य. शिवाय बदल्या कमी होतात: बारा तासांत १६ फेऱ्या धरल्या तर एक-एकमध्ये १५ बदल्या, दोन-दोनमध्ये ७.

तोटा असा की दुसरी फेरी पहिलीपेक्षा हळू होते. माझं मत: सहा तासांच्या शर्यतीत एक-एकच. त्याहून मोठी असेल तर दिवसा एक-एक, रात्री दोन-दोन. नवख्या रायडरला मात्र सलग दोन देऊ नका. पडणं बहुतेक वेळा दमल्यावर होतं.

७. ट्रान्झिशनमध्ये नेमकं काय होतं? त्याची एवढी चर्चा का?

ट्रान्झिशन म्हणजे बदलीची जागा. येणारा रायडर तिथल्या रेषेवर उतरतो, सायकल हाताने ढकलत आत येतो आणि पुढच्याला काहीतरी देतो: कधी बॅटन, कधी घोट्यावर बांधायची टायमिंग चिप, कधी फक्त हातावर टाळी. मग तो पुढचा पळत बाहेर जातो आणि ठरलेल्या रेषेनंतरच सायकलवर चढतो. हा आपला खांदेपालट. रेषेच्या आधी चढलात किंवा नंतर उतरलात तर वेळेचा दंड बसू शकतो.

माझ्या पहिल्या रिलेत मी बऱ्यापैकी फेरी मारून आत आलो, तर माझ्या पुढच्याचा पत्ता नव्हता. गेला असेल पाणी प्यायला म्हणून थांबलो. आजूबाजूने तीन टीम बदलून गेल्या. चार मिनिटांनी तो धावत आला. एका पायात बूट, दुसरा हातात. तंबूत बसून घड्याळाकडेच बघत होता म्हणाला, फक्त मी निघालो ती वेळ त्याने चुकीची लक्षात ठेवली होती. मग चिप सोडवायला वाकलो तर वेल्क्रोत चिखल बसलेला, बोटं सुन्न आणि पट्टा काही केल्या उघडेना. शेवटी त्याने दाताने ओढला. अख्ख्या फेरीत मी घाम गाळून जेवढं कमावलं होतं, त्याच्या दुप्पट तिथे उभ्या उभ्या गेलं.

तेव्हापासून आमची पद्धत अशी. पुढचा रायडर अपेक्षित वेळेच्या पंधरा मिनिटं आधी ट्रान्झिशनमध्ये हजर, सायकल योग्य गिअरमध्ये, हेल्मेटचा पट्टा लावलेला. येणारा शंभर मीटरवरून टीमचं नाव ओरडतो. चिप सोडवायची येणाऱ्याने आणि बांधायची पुढच्याने. दोघांनी एकाच पट्ट्याला हात घालायचा नाही. आदल्या संध्याकाळी ही बदली दहा वेळा करून बघा. बघणारे हसतील.

८. माझी पाळी कधी येणार हे मला कसं कळणार?

मोबाइलच्या भरवशावर राहू नका, डोंगरात रेंज असतेच असं नाही. एक वही आणि एक घड्याळ. कोण निघाला, किती वाजता आणि परतीचा अंदाज किती. पहिल्या फेरीनंतर प्रत्येकाच्या नावापुढे त्याची खरी वेळ येते आणि पुढचा अंदाज त्यावरून बांधायचा. रात्रीच्या फेरीला दिवसापेक्षा जास्त वेळ धरा. आमच्या वहीत आणखी एक रकाना आहे, "उठवायची वेळ". माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच.

९. सायकल कोणती लागते? दोघांत एक चालेल का?

पुढे सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक असलेली कोणतीही धडधाकट माउंटन बाइक चालते. मागे सस्पेन्शन असेल तर चोवीस तासांत पाठ आशीर्वाद देते, पण त्यासाठी नवीन सायकल घ्यायची गरज नाही. इलेक्ट्रिक सायकलला वेगळा गट नसेल तर बंदीच समजा.

एक सायकल दोघांत वाटू नये. सीटची उंची, पेडलचा प्रकार, सस्पेन्शनमधली हवा, सगळंच दर वेळी बदलावं लागतं आणि दुरुस्तीला मधला वेळच राहत नाही. टीममध्ये एक राखीव सायकल असणं मात्र फार उपयोगी. तिचा साइज मधल्या उंचीच्या रायडरचा ठेवा.

१०. टायरमध्ये हवा किती ठेवायची?

हे विचारलं जातं तेवढं गूढ नाही. २९ इंची चाक, २.२५ ते २.४ इंच रुंदीचे ट्यूबलेस टायर आणि ७० किलोच्या आसपासचा रायडर: पुढे २० ते २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे २२ ते २५ पीएसआय इथून सुरुवात करा. वजन जास्त तर थोडी वाढवा. ट्यूब असेल तर आणखी चार-पाच वाढवा, नाहीतर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून दोन भोकं पडतात. ओल्या मुळांवर आणि चिखलात एक-दोन पीएसआय कमी बरी. आणि मोजायला टीममध्ये एकच गेज ठेवा, कारण दोन गेज सहसा एकमताने बोलत नाहीत.

११. सायकलची तपासणी काय करायची आणि फेरीत सोबत काय ठेवायचं?

तपासणी एक आठवडा आधी करा, आदल्या रात्री नाही. ट्यूबलेसमधलं सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) दोन ते सहा महिन्यांत सुकतं; चाक हलवून आत द्रव खळखळतो का ऐका. चेन घासली असेल तर बदला आणि नव्या चेनवर दोन-तीन राइड करा. ब्रेक पॅड नवे घातले तर उतारावर वीसेक वेळा ब्रेक दाबून वेग कमी करत ते बसवून घ्या, नाहीतर पहिल्याच उतारावर पकड मिळत नाही. हँडलचे बोल्ट टॉर्क रेंचने, भागावर छापलेल्या आकड्याइतकेच आवळा. नंबर प्लेट बांधताना ब्रेकच्या नळ्या वाकत नाहीत ना, हेही बघा.

सोबत मल्टिटूल, ट्यूबलेस प्लग, एक ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप किंवा सीओटू काडतूस आणि चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी). लिंक आपल्या चेनच्या स्पीडची, म्हणजे मागच्या गिअरच्या संख्येला जुळणारी हवी. अकरा स्पीडची बाराला चालत नाही. तंबूत डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा ठेवा. प्रत्येक फ्रेमचा तो निराळा असतो आणि आयत्या वेळी उसना मिळणं कठीण. सायकल आडवी पडली की डिरेलर वाचावा म्हणून आधी वाकतो तो हाच.

१२. दोन फेऱ्यांच्या मध्ये काय खायचं? पाणी किती?

फेरी तासाच्या आतली असेल तर ट्रेलवर पाणी आणि थोडं साखरेचं पेय पुरतं. खरं खाणं उतरल्यावर. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात वजनाच्या दर किलोला साधारण एक ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. ६० किलोच्या माणसाला ६० ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम केळी आणि वर थोडं काही. भात, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, ब्रेड, जे पोटाला ओळखीचं आहे ते. तळलेलं आणि फार चोथ्याचं टाळा, ते पुढच्या चढावर बोलतं. पुढच्या फेरीच्या तासभर आधी भरपेट खाणं बंद.

पाणी तहानेने प्या, ताशी अर्धा लिटरच्या आसपास. उकाडा असेल तर जास्त, मिठासकट. नुसतं पाणी घागरीने प्यायलात तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते धोक्याचं असतं. कॉफीचा अर्धा असर पाचेक तासांनंतरही अंगात असतो, तेव्हा झोपायची पाळी असेल तर कप खाली ठेवा.

१३. रात्रीच्या फेरीला आणि झोपेला कसं सामोरं जायचं?

दिवे दोन हवेत, एक हँडलवर आणि एक हेल्मेटवर. नुसता हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्या रेषेत असतो, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि खड्डा सपाट वाटतो. हँडलवरचा दिवा खालून सावली पाडतो आणि खड्ड्याची खोली कळते. हेल्मेटवरचा वळणात, जिथे मान वळते तिथे उजेड टाकतो. चढावर मंद, उतारावर पूर्ण. बॅटरी घरी पूर्ण वेळ जाळून बघा. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. ट्रान्झिशनमध्ये शिरताना हेल्मेटचा दिवा खाली करा, समोरच्याचे डोळे दिपतात.

उतरल्याबरोबर ओले कपडे काढा, अगदी बनियनसुद्धा. दहा मिनिटांत अंग गार पडतं आणि नंतर कितीही पांघरलं तरी ऊब येत नाही. झोप मिळाली तर घ्या, पण पाळीच्या पाऊण तास आधी उठा. जाग आल्यावरही वीस-तीस मिनिटं डोकं धुक्यात असतं.

१४. मागून वेगवान रायडर आला तर काय करायचं?

आपली रेषा धरून चालवत राहा. गोंधळून एकदम ब्रेक मारणं सगळ्यात वाईट. मागचा "डावीकडून" किंवा "उजवीकडून" असं सांगतो. पहिली मोकळी जागा आली की त्या बाजूने वाट मोकळी करून द्या आणि तसं ओरडून सांगा. तुम्ही पायी असाल तर चालवणाऱ्याला वाट सोडा. तुम्हीच पुढे जात असाल तर नवख्याला घाबरवू नका, दोन सेकंद थांबलात तर काही बिघडत नाही.

१५. फेरीत मधेच सायकल मोडली तर?

जवळच्या सामानाने दुरुस्त करा. नाही झाली तर सायकल ढकलत किंवा खांद्यावर घेऊन ट्रेलच्याच दिशेने ट्रान्झिशनपर्यंत या. सायकल सोडून चिप घेऊन पळत येणं, मधली वाट पकडणं किंवा ट्रेलवर उलटं जाणं, या तिन्हींवर बाद होण्याची पाळी येऊ शकते. दुसऱ्या स्पर्धकाची मदत बऱ्याच ठिकाणी चालते. टीममेटने मात्र ठरवून दिलेल्या जागेबाहेर चाक आणून देणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. चेन तुटली तरी उतारावर सायकल चालतेच, हे घाईत लोक विसरतात.

१६. कोणी पडला, जखमी झाला तर? फेरी मोजली जाते का?

आधी माणूस. डोक्याला मार बसून डोकं दुखतंय, मळमळतंय, गोंधळल्यासारखं होतंय किंवा काय घडलं ते आठवत नाही, असं काहीही असेल तर त्या दिवशी त्याची सायकल बंद. पुढच्या फेऱ्याही नाहीत, डॉक्टरला दाखवेपर्यंत नाही. "मी बरा आहे" यावर विश्वास ठेवू नका. मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका.

अपुरी फेरी सहसा मोजत नाहीत. मार्शलला (ट्रेलवर लक्ष ठेवणाऱ्या आयोजकांच्या माणसाला) कळवलं की पुढचा रायडर चिप घेऊन ती फेरी सुरुवातीपासून मारतो. तिघांवर आल्यावर विश्रांती किती उरते तेही बघा: ४५ मिनिटांच्या फेरीला सव्वादोन तासांऐवजी दीड तास. तेव्हा वेग उतरवा, जोर लावू नका.

१७. पाऊस आला तर?

फेरीच्या वेळांचे सगळे अंदाज त्या क्षणी खोडून नवे लिहा (प्रश्न ८). चिखलात मऊ रेझिनचे ब्रेक पॅड भराभर झिजतात, सिंटर्ड (धातूचे) जास्त टिकतात; पण तुमचे रोटर (डिस्क ब्रेकच्या चकत्या) त्यांना चालतात का हे आधी बघा. प्रत्येक फेरीनंतर चेन पुसून ओल्या हवेचं ल्यूब घाला, थेंब-थेंब, रोटरवर न उडवता. सायकल धुताना जोराची धार बेअरिंगवर मारू नका. हातमोजे प्रत्येकी किमान तीन जोड.

१८. शेवटच्या फेरीचा हिशोब कसा असतो? इथेच सगळे भांडतात.

कारण नियम दोन तऱ्हेचे असतात. एकात, वेळ संपण्याआधी सुरू झालेली फेरी मोजतात. दुसऱ्यात, वेळेच्या आत संपलेलीच मोजतात. बारा तासांच्या शर्यतीत तुमचा रायडर ११ तास ५२ मिनिटांनी आत आला. पहिल्या नियमाने पुढच्याला लगेच सोडा, एक फेरी जास्त मिळते. दुसऱ्या नियमाने त्याला सोडलंत तर तो बिचारा पाऊण तास उगाच चिखल तुडवेल. फेऱ्या सारख्या झाल्या तर शेवटची फेरी आधी पूर्ण करणारी टीम सहसा वर जाते, म्हणून शेवटचा रायडर दमलेला नको. शेवटच्या तीन तासांत वहीवाल्याने हा हिशोब मांडून ठेवावा.

१९. चिपच हरवली तर?

तिथेच शोधत बसू नका. फेरी पूर्ण करा आणि टायमिंगच्या टेबलावर लगेच सांगा. नंबर प्लेटवरून हाताने नोंद करता येते आणि बदली चिप मिळते. तुम्ही निघालात आणि आलात त्या वेळा वहीत असतील तर टेबलावरचा माणूस तुमचं ऐकतो. वही पेन्सिलने लिहा. पावसात पेन चालत नाही.